एकच डाव, एकच पट आणि दोन विजेते? (गो, कोमी आणि मोजणीचा घोळ)

उंटावरचा_शहाणा

मंडळी, मी मूळचा बुद्धिबळवाला. गोच्या (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरचा मुलूख घेरायचा खेळ) नादी लागून दीडेक वर्ष झालं असेल. आता एका डावावरून डोक्याचा भुगा झालाय, म्हणून हा धागा.

माझा एक मित्र आहे, माझ्याहून बराच तयार. त्याच्याशी आजवर एकही डाव जिंकलो नव्हतो. परवा कसलीही सवलत न घेता डाव मांडला, मी काळा. पहिली सोंगटी ठेवायच्या आधी मीच मोठ्याने म्हणालो, "कोमी साडेसहा", म्हणजे पांढऱ्याला साडेसहा गुण आयते. तो "हो" म्हणाला. डाव शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. दोघांनी पास म्हटलं, कैदी (खाल्लेल्या सोंगट्या) एकमेकांच्या मुलखात भरले, चौकोन जुळवून मोजलं. मी ६१, तो ५४. फरक सात, कोमी साडेसहा, म्हणजे मी अर्ध्या गुणाने जिंकलो! रात्री झोप नाही आली आनंदाने.

पण हा गडी डाव लिहून ठेवतो. त्याने घरी जाऊन सगळ्या खेळी ॲपमध्ये भरल्या आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. काळा १८४, पांढरा १७७, कोमी साडेसात. पांढरा अर्ध्या गुणाने विजयी. खाली एक हसरा चेहरा.

मी एकेक खेळी पडताळून पाहिली, कुठेही चूक नाही. पट तोच. तर जाणकारांनो, जिंकलं कोण? ६१ खरे की १८४? आणि माझ्या साडेसहाचे साडेसात कोणी केले?

शेवटचा_को

उंटराव, आधी अभिनंदन. डाव तुमचाच. कोमी पहिल्या खेळीआधी ठरली होती आणि मोजणी दोघांनी मिळून पटावर केली होती. नंतर ॲपला काय वाटतं याला काडीची किंमत नाही.

ॲप मात्र खोटं बोलत नाहीये. तुम्ही जपानी पद्धतीने मोजलंत: फक्त रिकामा मुलूख, त्यातून कैदी वजा. ॲप चिनी पद्धतीवर लावलेलं होतं: रिकामा मुलूख अधिक पटावरच्या जिवंत सोंगट्या. १८४ आणि १७७ची बेरीज करून बघा, ३६१ येते. १९ गुणिले १९, म्हणजे अख्खा पट वाटला गेलाय. चिनी नियमांची कोमी साडेसात असते, जपानी आणि कोरियन नियमांची साडेसहा. ॲपमध्ये नियम निवडला की कोमी आपोआप बदलते, बहुतेकांच्या हे लक्षातच येत नाही.

बिनधास्त_बाबू

+१. वाचनखूण साठवली आहे.

उंटावरचा_शहाणा

धन्यवाद शेको. पण मग एकाच पटावर एक जण ६१ म्हणतो आणि दुसरा १८४, यात काही नातं आहे का? की दोन वेगळेच खेळ आहेत हे?

हिशेबनीस

नातं आहे, आणि फार सोपं आहे. तुमच्या डावात एकूण खेळी किती झाल्या ते सांगा, मी ॲप न बघता ताळा करून देतो.

उंटावरचा_शहाणा

ॲपमध्ये २४६.

हिशेबनीस

म्हणजे काळ्याच्या १२३, पांढऱ्याच्या १२३. आता १८४ वजा १२३ करा. ६१. १७७ वजा १२३ करा. ५४. तुमची हातची मोजणी चोख होती. :)

कारण असं. तुम्ही खेळलेली प्रत्येक सोंगटी शेवटी दोनच ठिकाणी असू शकते, पटावर जिवंत किंवा मित्राच्या डबीच्या झाकणात कैद. चिनी मोजणी म्हणजे मुलूख अधिक जिवंत सोंगट्या. जपानी मोजणी म्हणजे मुलूख वजा कैद झालेल्या सोंगट्या. या दोन आकड्यांतला फरक किती? जिवंत अधिक कैद, म्हणजेच तुम्ही एकूण खेळलेल्या सोंगट्या. बस.

म्हणून दोघांनी सारख्या खेळी केल्या असतील तर दोन्ही पद्धतींत आघाडी तंतोतंत सारखी येते. तुमची दोन्हीकडे सातच आली आहे. शेवटची खेळी काळ्याने केली असेल आणि कोणी मध्येच पास म्हटलं नसेल, तर चिनी मोजणीत काळ्याला एक गुण जास्त दिसतो. एवढाच काय तो फरक. तेव्हा तुमचं भांडण मोजणीशी नाहीच, आहे ते कोमीशी. चिनी मोजणी ठेवून कोमी तेवढी साडेसहा करा, ॲप मुकाट्याने "काळा अर्ध्या गुणाने" म्हणेल.

नवखी_चांदणी

धागा आवडला, पण मुळातून विचारते. ही कोमी असते कशाला? रागावू नका.

जुनी_वही

रागावायचं काय त्यात. गोमध्ये काळा पहिला खेळतो आणि पहिल्या खेळीचा फायदा घसघशीत असतो. त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला आयते गुण देतात, ती कोमी.

गंमत अशी की गो हजारो वर्षांचा आणि कोमी जेमतेम शंभरीच्या आतबाहेरची. जुन्या जपानात दोघे रंग आलटूनपालटून अनेक डावांच्या मालिका खेळत, फायदा आपोआप फिटे. त्या काळचा थोर खेळाडू होनिनबो शुसाकू याची आख्यायिका आहे: एका महत्त्वाच्या डावानंतर कोणी विचारलं, काय झालं? तो इतकंच म्हणाला म्हणे, "मी काळा होतो." आपण जिंकलो हे वेगळं सांगायची त्याला गरजच वाटली नाही.

वर्तमानपत्रांच्या स्पर्धा आल्या, एका डावात निकाल हवा झाला आणि कोमी घुसली. तेव्हा खूप जणांनी नाकं मुरडली, कोमीचा गो हा गोच नव्हे म्हणाले. सुरुवातीला ती बहुधा साडेचार असायची, १९७०च्या दशकात साडेपाच रुळली, तरीही काळाच थोडे जास्त डाव जिंकत राहिला. २००२ मध्ये जपानच्या निहोन कि-इन या गो संघटनेने साडेसहा केली. कोरियाने ती आधीच केली होती. चीनने साधारण त्याच सुमारास साडेपाचावरून थेट साडेसातावर उडी मारली.

आडवा_कोन

बाकी सगळं ठीक, पण हा "अर्धा गुण" म्हणजे काय भानगड? पटावर अर्धा गुण कोणाला मिळत नाही. बरोबरीची एवढी भीती का? बुद्धिबळात बरोबरी होते, जग चाललंय ना?

उंटावरचा_शहाणा

आडवा_कोन, बुद्धिबळातल्या बरोबऱ्यांबद्दल माझ्याकडे बघून बोलू नका. तिथून पळूनच तर इकडे आलोय.

जुनी_वही

आडवा_कोन यांच्यासाठी एक खरी घटना सांगते. माझी फार आवडती आहे, म्हणून जरा लांबण लावते.

१९६२. जपानमध्ये पहिल्या मेइजिन पदवीसाठी तेरा जणांची लीग चालू होती. कोमी होती पूर्ण पाच, अर्धा गुण नाही. म्हणजे बरोबरी, ज्याला जिगो म्हणतात, होऊ शकत होती. नियम असा केला होता की जिगो झाली तर डाव पांढऱ्याचा, पण हा विजय साध्या विजयापेक्षा हलका धरायचा. नियम करणाऱ्यांना वाटलं असेल, असा प्रसंग येतोय कशाला.

तो आला, आणि शेवटच्याच फेरीत आला. फुजिसावा हिदेयुकी आपला डाव हरला आणि नऊ विजय, तीन पराभवांवर थांबला. पदवी गेली असं धरून तो बसला. दुसरीकडे गो सेइगेन आणि साकाता एइओ यांचा डाव चालू होता. गो सेइगेन म्हणजे विसाव्या शतकातला सर्वांत थोर खेळाडू असं मानणारे ढीगभर लोक आहेत, मीही त्यातलीच. तो पांढऱ्याकडून खेळत होता. मोजणी झाली. काळा पटावर बरोब्बर पाचने पुढे. कोमी पाच. जिगो!

म्हणजे गो सेइगेन जिंकला, त्याचेही नऊ विजय आणि तीन पराभव झाले. पण त्यातला एक विजय हलका. त्यामुळे दोघांत निर्णायक डावही झाला नाही. पहिला मेइजिन फुजिसावा. कोमी साडेचार असती तर साकाता जिंकला असता आणि साडेपाच असती तर गो सेइगेनचा विजय अस्सल धरून फुजिसावाशी निर्णायक डाव झाला असता. गो सेइगेनला मेइजिन ही पदवी आयुष्यात कधीच मिळाली नाही.

अर्धा गुण म्हणजे काय भानगड, तर ही.

आडवा_कोन

अंगावर काटा आला. प्रश्न मागे घेतो. निदान अर्धा तरी.

बिनधास्त_बाबू

"निदान अर्धा तरी" =))

मुलूखगिरी

बरोबरी चालवून घेणारेही आहेत हं. न्यूझीलंडच्या नियमांत कोमी पूर्ण सात आहे, बरोबरी झाली तर झाली. तैवानच्या इंग चांग-कींच्या नियमांत कोमी आठ आहे, पण बरोबरी झाली की डाव काळ्याचा. म्हणजे फिरून साडेसातच.

मी चिनी पद्धतीने शिकले आणि अजूनही नवशिक्यांना तीच शिकवते. कारण सांगते. नवशिका विचारतो, "ही सोंगटी मेली आहे हे कशावरून?" जपानी पद्धतीत मेली म्हणणाऱ्याला ते खेळून दाखवावं लागतं. तो आपल्याच मुलखात सोंगट्या टाकून ती मारून दाखवतो आणि प्रत्येक सोंगटीमागे एक गुण गमावतो. म्हणजे खरं सिद्ध करायचा दंड खऱ्यालाच! चिनी पद्धतीत स्वतःच्या मुलखात खेळलं तरी काही जात नाही, रिकाम्या जागेऐवजी तिथे सोंगटी मोजली जाते. त्यामुळे वाद असेल तर खेळून मोकळं व्हायचं.

जपानी पद्धतीला म्हणूनच कलमांवर कलमं लिहावी लागली. १९४९ मध्ये लेखी नियम झाले, १९८९ मध्ये पुन्हा सगळे बदलले. कोपऱ्यातला वाकडा चौकडा (चार सोंगट्यांचा एक वादाचा आकार) घ्या. जपानी नियमांत तो थेट मेलेला. चिनी नियमांत खेळून दाखवा. सेकीत (दोघांचे गट एकमेकांना मारू शकत नाहीत असा पेच) अडकलेला मुलूख जपानी मोजत नाहीत, चिनी मोजतात.

शेवटचा_को

मुलूखगिरीताई, शिकवायला चिनी पद्धत बरी हे शंभर टक्के मान्य. पण खेळायला मला जपानीच गोड लागते. नाही तिथे एक सोंगटी टाकली की एक गुण गेला, ही जी धाक देणारी शिस्त आहे ना, ती चिनी पद्धतीत शेवटी शेवटी सैल पडते. शिवाय मोजणी बघा. कैदी भरायचे, दहादहाचे चौकोन करायचे, अर्ध्या मिनिटात निकाल, आणि डाव कसा झाला ते पटावर बऱ्यापैकी तसंच दिसत राहतं. चिनी मोजणीत सगळं विस्कटून एका रंगाच्या सोंगट्यांचे ढीग करतात.

मुलूखगिरी

पण कैदी हरवला तर? एक सोंगटी पटाखाली घरंगळली की तुमचा अर्धा गुण तिच्यामागे घरंगळला. आमच्याकडे कैद्यांना कोणी विचारत नाही.

तळटीप

मुलूखगिरी, हे "कैद्यांना कोणी विचारत नाही" प्रकरण किती महागात पडू शकतं ते जानेवारी २०२५ च्या एलजी कप या आंतरराष्ट्रीय गो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सगळ्यांनी पाहिलं. चीनचा के जिए विरुद्ध कोरियाचा ब्यन संग-इल, नियम कोरियन. कैदी डबीच्या झाकणातच ठेवायचे, म्हणजे समोरच्याला ते दिसत राहतात, असा नियम होता. न पाळल्यास दोन गुण दंड. पहिला डाव के जिएने जिंकला. दुसऱ्यात दोनदा कैदी झाकणाबाहेर, डाव गेला. तिसऱ्यात पुन्हा दोन गुणांचा दंड, त्यावरून वाद, तो पुढे खेळायला तयार झाला नाही आणि पदवी ब्यनला गेली.

जन्मभर ज्या मोजणीत कैद्यांना किंमत नाही तीत वाढलेला हात, कैदी जिथे जमेल तिथे ठेवतो. कोरियन मोजणीत मात्र कैदी म्हणजे रोख गुण. दोघांच्याही बाजूने विचार केला तरी तो सामना आठवला की हळहळ वाटते.

शेवटचा_को

त्या सामन्यावर इथे नको, त्याचे धागे शंभरीपार जातात आणि मग संपादकांना कुलूप घालावं लागतं. :)

उंटराव, मला तुमच्या डावाचा शेवट बघायचाय. सात गुणांवर अडलेला डाव म्हणजे शेवटी अर्ध्या गुणाचा को झाला असणारच (नवख्यांसाठी: को म्हणजे दोघे आलटूनपालटून एकेक सोंगटी खाऊ शकतात अशी जागा; लगेच परत खायची मनाई, मध्ये दुसरीकडे खेळावं लागतं). शेवटच्या खेळी लिहा ना.

हिशेबनीस

तोवर मी एक मजा सांगतो, कारण ती मला कळली त्या दिवशी मी जेवायचा थांबलो होतो.

चिनी मोजणीत काळा अधिक पांढरा म्हणजे ३६१, विषम संख्या. दोन पूर्णांकांची बेरीज विषम तर वजाबाकीही विषम. म्हणजे सेकीत वाटून न जाणारी जागा उरली नसेल तर काळ्याची आघाडी ५, ७, ९ अशीच येणार. सहा कधीच येणार नाही, आठही नाही.

आता कोमी साडेपाच धरा. काळ्याला जिंकायला किमान सहा हवेत, म्हणजे प्रत्यक्षात सात. कोमी साडेसहा धरा. किमान सात हवेत, म्हणजे सातच. दोन्ही एकच! चिनी मोजणीत साडेपाच आणि साडेसहात जवळपास शून्य फरक आहे. म्हणून चीनने साडेपाच वाढवायची ठरवली तेव्हा साडेसहा करून काहीच हाती लागलं नसतं. थेट साडेसात केली, की काळ्याला किमान नऊ लागतात. जुनी_वही यांनी वर "उडी" म्हटलंय, ती ही. मधली पायरीच नाहीये.

चिनी लोक एकाच बाजूच्या सोंगट्या मोजतात आणि ३६१ च्या निम्म्याशी, म्हणजे साडेएकशेऐंशीशी ताडून बघतात. त्यामुळे कोमीही निम्मी होते. साडेसाताचे निम्मे पावणेचार. १८०.५ अधिक ३.७५ म्हणजे १८४.२५. काळ्याला १८५ हवेत. उंटरावांना १८४ मिळाले. (पावणेतीन, सव्वातीन, पावणेचार हे मराठीत एकेका शब्दात म्हणता येतं, कोमीचा हिशेब करायला आपली भाषा तयारच बसलेली आहे.)

नवखी_चांदणी

म्हणजे जपानी पद्धतीत सहा आणि सात वेगळे, पण चिनी पद्धतीत ते दोन्ही सातच्याच खिशात जातात? बरोबर समजले का?

हिशेबनीस

नवखी कसल्या तुम्ही! अगदी तसंच. जपानी मोजणीत सहाची आघाडी असेल तर शेवटची खेळी काळ्याने केलेली असणार, त्याला चिनीत एक गुण वाढून सात. जपानीत सातची असेल तर शेवटची पांढऱ्याने, चिनीतही सातच. मध्ये कोणी पास म्हटलेलं नसेल तर. म्हणून जपानी मोजणी थोडी बारीक चाळणी आहे आणि चिनी थोडी जाड.

उंटावरचा_शहाणा

हा घ्या शेवट. हातात चार दामे उरले होते (दोघांच्याही मुलखात नसलेल्या मधल्या जागा, चांदणीताई) आणि डाव्या कडेला एक को.

२४१: मी को घेतला.
२४२: त्याच्याकडे को-धमकी (समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल अशी दुसरीकडची खेळी) उरली नव्हती. त्याने एक दामे भरला. तीन उरले.
२४३: मी को बुजवला.

इथे आम्ही पास म्हटलं. जपानी मोजणीत दामेला किंमत नाही म्हणून ते तसेच सोडले. ॲप मात्र ऐकेना, म्हणून त्याने घरी ते भरले: २४४ पांढरा, २४५ काळा, २४६ पांढरा.

शेवटचा_को

हाच! याचीच वाट बघत होतो. उंटराव, तुमच्याकडे को-धमक्या किती उरल्या होत्या?

उंटावरचा_शहाणा

दोन तरी होत्या. वरच्या उजव्या कोपऱ्यात. का?

शेवटचा_को

कारण चिनी नियमांत खेळत असतात तर २४३ ही हरणारी खेळी होती.

सावकाश बघा. चिनी मोजणीत प्रत्येक दामे एक गुणाचा. जो शेवटी जास्त दामे भरेल त्याचे तेवढे गुण. २४३ ला तुम्ही को बुजवलात, म्हणजे एक खेळी घरकामात खर्च केलीत, आणि उरलेल्या तीन दामेंपैकी दोन पांढऱ्याला गेले. त्याऐवजी को उघडाच ठेवून असं खेळा:

२४३: तुम्ही दामे. दोन उरले.
२४४: पांढरा को घेतो.
२४५: तुमची पहिली धमकी. २४६: तो उत्तर देतो.
२४७: तुम्ही को परत घेता.
२४८: त्याच्याकडे धमकी नाही, तो दामे भरतो. एक उरला.
२४९: शेवटचा दामे तुम्ही भरता!
२५०: तो पुन्हा को घेतो. २५१: तुमची दुसरी धमकी. २५२: उत्तर. २५३: को परत तुमचा.
२५४: पांढऱ्याला आता खेळायला काहीच नाही. पास.
२५५: आता निवांत को बुजवा.

दामे तुम्हाला दोन, त्याला एक. आधीच्यापेक्षा तुमचा एक वाढला, त्याचा एक घटला. १८५–१७६. आघाडी नऊ. साडेसात कोमी देऊनही तुम्ही दीड गुणाने विजयी. आणि जपानी मोजणीत? तिथे तरीही सातच. धमकी आणि उत्तर एकमेकांना फेडतात, दामे शून्य. म्हणून तुम्हाला पटावर बसल्या बसल्या हे सुचायचं कारणच नव्हतं, तुम्ही जपानी डोक्याने खेळत होतात.

तेव्हा "एकच डाव, दोन नियम" ही तुलनाच मुळात लंगडी आहे. नियम वेगळे असते तर २४३ वेगळी असती.

हिशेबनीस

ताळा: काळ्याच्या १२८ खेळी, पांढऱ्याच्या १२६ (पास सोडून). १८५ वजा १२८ म्हणजे ५७. १७६ वजा १२६ म्हणजे ५०. सात. शेको, दंडवत.

जुनी_वही

को बुजवायचा की नाही यावरून जपानी नियमांतही महाभारत झालेलं आहे बरं का. १९५९ मध्ये पुन्हा गो सेइगेनच, समोर ताकागावा काकु. शेवटचा अर्ध्या गुणाचा को. गो सेइगेनकडे धमक्या जास्त, तेव्हा "मी बुजवणारच नाही, तुला तो जिंकता येत नाही" असा त्याचा मुद्दा. बुजवायला लावलं तर स्वतःच्या मुलखातला गुण जातो आणि निकाल उलटतो. निर्णय बुजवावा लागेल असा झाला. त्या माणसाच्या नशिबात अर्धे गुण फार लिहिलेले होते.

तळटीप

अमेरिकन गो असोसिएशनने यावर छान तोड काढली आहे. पास म्हणायचं तर एक सोंगटी समोरच्याला कैदी म्हणून द्यायची, आणि शेवटचा पास नेहमी पांढऱ्याने करायचा. त्यामुळे दोघांच्या खेळी सारख्या होतात, आणि हिशेबनीसांनी वर सांगितल्याप्रमाणे मग कशीही मोजा, उत्तर एकच. कोमी साडेसात.

आडवा_कोन

संगणकाला विचारा की राव. खरी योग्य कोमी किती? आता तर यंत्रं माणसांच्या कितीतरी पुढे गेली आहेत.

तळटीप

पूर्ण १९च्या पटाचं गणित अजून कोणी सोडवलेलं नाही, सोडवेल असं वाटतही नाही. लहान पटांचं माहीत आहे. ५ गुणिले ५ वर काळा मध्यात खेळतो आणि सगळा पट खातो, पंचवीसच्या पंचवीस. हे २००२ मध्ये सिद्ध झालं. ७ गुणिले ७ वर उत्तर नऊ धरतात.

मोठ्या पटावर काटागोसारख्या प्रोग्रॅमचा कौल चिनी मोजणीत सातच्या आसपास आणि जपानी मोजणीत सहाच्या आसपास आहे. म्हणजे साडेसातात पांढऱ्याला आणि साडेसहातही पांढऱ्यालाच किंचित झुकतं माप. पण हे अर्ध्या गुणाचं माप यंत्रांच्या खेळात दिसतं. तुमच्याआमच्या डावात पन्नासाव्या खेळीपर्यंत दोघांनी मिळून वीसेक गुण उधळलेले असतात.

यंत्र आणि अर्धा गुण यावरून आठवलं. मे २०१७, वुझेन, अल्फागो विरुद्ध के जिए, पहिला डाव. के जिए काळा. निकाल पांढरा अर्ध्या गुणाने. कित्येकांनी लिहिलं, बघा, अर्ध्यावर आणलं! प्रत्यक्षात अल्फागोला अर्ध्याने जिंकलं काय आणि तीसने काय, सारखंच. ते फक्त जिंकण्याची शक्यता वाढवतं, पुढे असलं की खुशाल दोन-चार गुण सोडून देतं. माणसांतही असा एक आहे, कोरियाचा ली चांग-हो. पाषाणबुद्ध म्हणत त्याला. अर्ध्या गुणाने जिंकायचं असेल तर तो वीसने जिंकायच्या वाटेला जात नसे.

मुलूखगिरी

कोमी किती यावर मैत्रीतल्या डावांसाठी सोपा उपाय: एकाने कोमीचा आकडा सांगायचा, दुसऱ्याने रंग निवडायचा. सांगणाऱ्याला आपोआप प्रामाणिक राहावं लागतं. नऊ म्हणालात तर मी पांढरा घेईन, चार म्हणालात तर काळा.

बिनधास्त_बाबू

हे भारी आहे. लगेच वापरणार.

उंटावरचा_शहाणा

शेको, तुमच्या खेळी पट मांडून तीनदा खेळून पाहिल्या. म्हणजे मी जपानी नियमांत जिंकलोच, आणि चिनी नियमांतही दीडने जिंकू शकलो असतो. ह्या धाग्याची लिंक मित्राला पाठवतोय. स्क्रीनशॉटखालचा हसरा चेहरा त्याने सन्मानाने परत घ्यावा.

पांढऱ्याचा_वकील

नवीन सदस्य आहे, चुकलंमाकलं माफ करा. मीच तो पांढरा.

कोमी साडेसहा ठरली होती, डाव याचाच. ते मी त्या रात्रीच कबूल केलं होतं, पण ते या धाग्यात लिहायचं हा सोयीस्कर विसरला. स्क्रीनशॉट ही निव्वळ कळ होती.

पण शेवटचा_को यांच्या २४३ बद्दल आदरपूर्वक हरकत. खेळी बिनचूक आहेत, पण त्या याच्या दोन धमक्यांवर उभ्या आहेत. वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन नाहीत, एकच आहे. दोन्ही धमक्या माझ्या एकाच गटाला आहेत आणि मी २४६ ला कोपऱ्याच्या बाजूने उत्तर दिलं की दुसरी आपोआप विझते. त्याला ती दोन वाटतात कारण मी बाहेरून उत्तर देईन असं तो धरून चाललाय.

एकच धमकी असेल तर २४७ ला तो को परत घेतो, २४८ ला मी दामे भरतो, आणि २४९ ला तो अडकतो. शेवटचा दामे घेतला तर मी २५० ला को घेणार, त्याच्याकडे धमकी नाही, को माझा. म्हणून त्याला २४९ ला को बुजवावाच लागतो आणि शेवटचा दामे मला. पुन्हा १८४–१७७.

शेवटचा_को

वकीलसाहेब, मान्य. कोपऱ्याच्या बाजूने उत्तर असेल तर एकच. मी याच्या शब्दावर विसंबलो, पट बघितलाच नव्हता. फक्त एक अट: २४४ ला तुम्ही लगेच को घ्यायला हवा. तिथे दामे भरलात तर त्याला एक धमकीही पुरते.

पांढऱ्याचा_वकील

घेतला असता.

उंटावरचा_शहाणा

हे तू आत्ता म्हणतोयस! शनिवारी ये. २४०पर्यंत मांडून ठेवतो, तिथून पुढे खेळू.

पांढऱ्याचा_वकील

येतो. कोमी?

उंटावरचा_शहाणा

साडेसात. चिनी. आणि या वेळी दामे पटावरच भरायचे.